मदत हवी आहे: मुखपृष्ठासाठी जाड-बारीक वळणाचा मराठी फॉन्ट

पऱ्हाटी: सोमवारी छपाईच्या प्लेटा काढायच्या आहेत आणि मुखपृष्ठावरचं नाव अजून बसत नाही. उभी रेघ भरदार, जोड केसासारखा बारीक, असं अक्षर पाहिजे. इंग्रजी फॅशन मासिकांवर असते तसं. प्लेफेअर डिस्प्ले टाकला. इंग्रजी सुरेख येते, मराठी टाईप केलं की साधंच अक्षर दिसते. फॉन्ट खराब आहे काय? लवकर सांगा.

ऑफसेटवाला: कशाचं मुखपृष्ठ? कागद कोणता? सॉफ्टवेअर कोणतं?

बोरू: फॉन्ट चांगला आहे. त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत, म्हणून संगणक दुसऱ्या फॉन्टमधून उचलतो. तुम्हाला हवं ते वळण बोडोनी-दिदो या अक्षरघराण्याचं, १८व्या शतकाच्या अखेरीस पार्मा आणि पॅरिसमध्ये घडलेलं. देवनागरीत त्याच्या जवळ जाणारा रोझा वन आहे, इंडियन टाइप फाउंड्रीचा. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो.

वऱ्हाडी_गडी: काऊन एवढी माथाफोड करता भाऊ? श्री-लिपी टाका, मराठी टाईपाचं जुनं सॉफ्टवेअर. आमच्या इथल्या साऱ्या लग्नपत्रिका त्याच्यातच होऊन रायल्या.

बोरू: तो मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हं दिसतात. युनिकोडच घ्या, तो मजकूर कुठंही वाचता-शोधता येतो.

वऱ्हाडी_गडी: छापाले युनिकोड कायले पायजे? कागदावर कोन सर्च करते?

निंबोणी: आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घेतला का? अर्ज ऑनलाइन होतो, पैसे लागत नाहीत.

पऱ्हाटी: आयएसबीएन नको, ताई. गावच्या वाचनालयाची स्मरणिका आहे, ७५ वर्षं झाली. नाव 'ज्ञानवृक्ष'. सॉफ्टवेअर कोरल ड्रॉ १२. रोझा टाकला तर ज्ञ फुटला. कव्हर आर्ट पेपर, वडाचा फोटो, त्यावर पांढरं नाव. आतले लेखही रोझातच घेतो म्हणतो.

ऑफसेटवाला: लेख त्यात अजिबात घेऊ नका! तो मथळ्याचा फॉन्ट आहे. १२ पॉइंटला, मॅपलिथोवर (आतल्या पानांच्या साध्या कागदावर), बारीक रेघा तुटतात आणि वाचणाऱ्याचे डोळे दुखतात. मजकुराला तिरो देवनागरी मराठी घ्या, ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. दुसरं, चार रंगांच्या फोटोवर पांढरी बारीक रेघ ठेवली की रंग जरा सरकला तरी ती बुजते. माझ्याच हातून एका अंकात 'श्री'ची वेलांटी अशी गेली होती, सगळी कव्हरं परत छापली. फोटोत आभाळाचा फिका भाग असेल तिथं नाव नुसत्या काळ्यात घ्या.

बोरू: कोरल १२ ला युनिकोडची जोडाक्षरं जमत नाहीत. नाव इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, म्हणजे अक्षराचं चित्र होतं, मग ईपीएस फाइल करून कोरलमध्ये आणा.

निंबोणी: जुन्या ग्रंथपालांचे फोटो घ्याल ना? आमच्या स्मरणिकेत राहून गेले, अजून रुखरुख आहे.

पऱ्हाटी: घेतले, ताई. बोरूभाऊ, ज्ञ अखंड आला! काळंही केलं, लय शोभते. पण 'वृ'ची शेपटी खालच्या गावाच्या नावाला टेकून रायली. अंतर किती ठेवू?

ऑफसेटवाला: नाव किती पॉइंटला आहे, गावाचं किती?