मदत हवी आहे: सोलापूरला सप्टेंबरचा पाऊस कुठल्या समुद्रातून येतो?

नववीच्या मुलांसाठी पावसाचा चार्ट करतोय, एका जागी अडकलोय. जून-जुलैचं समजतं, अरबी समुद्राचं बाष्प घेऊन आलेले वारे सह्याद्री चढताना थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात, म्हणून महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस आणि आपण पर्जन्यछायेत, ढग नुसते डोक्यावरून पळतात. पण मग आपल्याकडे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरमध्ये कसा? सह्याद्री तर तिथंच आहे ना!

पुस्तकात फक्त 'परतीचा मान्सून' लिहिलंय, पण परतीची सुरुवात राजस्थानातून होते आणि आपल्याकडून मान्सून ऑक्टोबरात जातो, त्यामुळे ते पटत नाही. विंडी ॲपवर ८५० हेक्टोपास्कलचे, म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंचीवरचे वारे बघितले, कधी पश्चिमेचे दिसतात, बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा तेलंगणाकडे सरकला की दिशा बदलते. दुपारनंतरचा गडगडाटी पाऊस स्थानिक तापमानामुळे होतो हे माहितीय, तो सोडून सांगा.

कॉम्प्युटर नाही, मोबाईलच आहे, आणि पैसे भरून घ्यायचा डेटा नको. एखाद्या दिवशीच्या पावसाचं बाष्प बंगालच्या उपसागरातून आलं की अरबी समुद्रातून, हे ओळखायला नेमक्या कुठल्या उंचीचे वारे आणि किती दिवस मागचे बघायचे?