मदत हवी आहे: मराठी मजकूर वाचून संगणकाला तथ्यं कशी शिकवायची?

नमस्कार मंडळी. कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिशेल यांच्या गटाने २०१० मध्ये सुरू केलेल्या 'नेल' (NELL) या, वेबवरचा मजकूर वाचून आपणहून तथ्यं शिकणाऱ्या प्रोग्रामच्या धर्तीवर मराठीसाठी छोटा प्रोग्राम लिहिते आहे. चार-दोन नद्यांची नावं द्यायची, आजूबाजूचे शब्द त्याने हेरायचे आणि त्यावरून नव्या नद्या शोधायच्या. पण 'च्या काठी' हा साचा सापडला आणि रंकाळाही नदी ठरला! मग त्याच्यामागून बाकीचे तलाव शिरले. नेलमध्ये अनेक वर्ग (नदी, तलाव, व्यक्ती असे शब्दांचे गट) एकत्र शिकवून त्यांचा एकमेकांना आवर घालत, म्हणजे तलाव ठरलेलं नाव नदीत शिरत नसे, ते पटतं. मराठीत मात्र आधी 'कृष्णेच्या'वरून 'कृष्णा', 'रंकाळ्याच्या'वरून 'रंकाळा' काढावं लागतं. हे नीट करणारं मोफत साधन कुणी वापरलंय का? आणि वाक्यातली कृष्णा नदी की बाई, हे तुम्ही कसं ठरवता?