मदत हवी आहे : डिझेल गाडीचे मायलेज घटले, सेन्सरच्या आकड्यांवरून निदान कसे करावे?

नमस्कार. माझी डिझेल गाडी कोल्हापूर–कराड महामार्गावर वर्षभरापूर्वीपर्यंत लिटरला २० किलोमीटर सहज देत होती. आता टाकी काठोकाठ भरून मोजले, तरी आकडा १५ च्या पुढे जात नाही. टायरमधील हवा, एअर फिल्टर आणि ब्रेक तपासून झाले. मेकॅनिक इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) बदला म्हणतात, पण पुराव्याशिवाय एवढा खर्च मला पटत नाही.

म्हणून ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सेन्सरचे आकडे दाखवणारे उपकरण) लावून पाहिले. कागलपर्यंत ताशी ८० च्या वेगाने गेल्यावरही कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान ७० अंशांवरच रेंगाळते, तावडे हॉटेलजवळच्या कोंडीत ८५ पर्यंत चढते आणि गाडी धावू लागताच पुन्हा उतरते. शिवाय सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरचा वरचा पाइप दोन मिनिटांतच हाताला कोमट लागतो. यावरून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडाच अडकला असावा आणि इंजिन अजून थंडच आहे असे समजून ईसीयू (इंजिनचे नियंत्रण करणारा संगणक) जादा डिझेल सोडत असावा, असा माझा तर्क आहे.

हा तर्क बरोबर आहे का? तसेच ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) उघडा असताना हवेच्या प्रवाहाचा आकडा मुळातच कमी दिसतो, तेव्हा हा प्रवाह मोजणारा एमएएफ सेन्सर खराब आहे की नाही, हे नेमके कोणत्या स्थितीत वाचन घेऊन ठरवावे?