चौथरा म्हणजे इतिहासाचे पुस्तक नव्हे

धागालेखक
वादग्रस्त व्यक्तींचे पुतळे हटवणे म्हणजे इतिहासाची पाने फाडणे, असे ठासून सांगणारा एक लेख परवा वाचला आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवेना. चौथरा ही मान देण्याची जागा आहे, धडा शिकवण्याची नव्हे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन १७२१ साली वारला आणि त्याचा पुतळा उभा राहिला तो १८९५ साली. खालच्या फलकावर 'शहराच्या अत्यंत सद्गुणी आणि शहाण्या सुपुत्रांपैकी एक' अशी स्तुती कोरली गेली, पण ज्या रॉयल आफ्रिकन कंपनीच्या गुलामांच्या व्यापारात त्याचा हात होता तिचा त्यात शब्दही नव्हता. मग इतिहास पुसला कोणी? फलक कोरणाऱ्यांनी, की ७ जून २०२० रोजी पुतळा दोराने ओढून पाडून बंदरात ढकलणाऱ्या जमावाने?

जुना वाचक
आपला राग समजतो, निष्कर्ष पटत नाही. कोल्स्टन आपल्याला नकोसा आहे म्हणून जमावाचा दोर आपल्याला न्याय्य वाटतो. उद्या तोच दोर आपल्या श्रद्धास्थानाच्या गळ्यात पडला, तर कोणत्या तोंडाने अडवणार आहात? पुतळा राहू द्यावा आणि शेजारी खरी हकीकत सांगणारा फलक लावावा, एवढे पुरेसे आहे.

धागालेखक
फलकाचा उपाय ब्रिस्टलने करून पाहिला आहे. २०१८ साली दुसरा फलक लावण्याचे ठरले आणि मजकुरावरून रण माजले. गुलाम म्हणून नेलेल्यांत मुले होती हे लिहायचे की नाही, यावरसुद्धा घासाघीस झाली. मजकूर इतका मवाळ होत गेला की २०१९ साली महापौरांनीच तो नाकारला. फलक लागला असता, तर कदाचित दोराची वेळ आली नसती.

जुना वाचक
म्हणजे दोष फलकाचा नसून तो लिहिणाऱ्यांच्या भित्रेपणाचा झाला. चार ओळींवर एकमत होत नाही म्हणून अख्खे शिल्प पाण्यात टाकायचे, हा कुठला न्याय?

ओतकाम करणारा
माझी हयात धातूच्या ओतकामात गेली आहे. मी ज्या पुतळ्याच्या साच्यावर राबलो, तो एका रात्रीत क्रेनने उचलून नेला आणि दुसऱ्या दिवशी चौथऱ्यावर फक्त कापलेले बोल्ट उरले होते. त्या माणसाबद्दल मला प्रेम नव्हते, तरी घशाशी आवंढा आला. कोल्स्टनचा पुतळा पाण्यातून काढून साफ करताना त्याच्या कोटाच्या आत १८९५ सालचे एक मासिक सापडले आणि त्यावर पुतळा बसवणाऱ्या कामगारांची नावे हाताने लिहिलेली होती. फलकावर त्यांना कोणी जागा दिली नव्हती. हटवायचे तर हटवा, पण वितळवू नका.

वाटसरू
कारागिरीचा मान राखूनही मला राग आवरत नाही. आमच्या लोकांवर ज्याने अन्याय केला त्याचा पुतळा वाटेत लागला, की माझे आजोबा मुकाट्याने रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेने चालत. मी सात वर्षांचा असताना कारण विचारले, तेव्हा त्यांनी फक्त माझा हात घट्ट धरला. जमाव, दोर, शिल्प यांच्या गोष्टी करणाऱ्या जुन्या वाचकांनी ते अंतर एकदा चालून पाहावे. चर्चा करायला वर्षानुवर्षे मिळतात ती ज्यांना तो पुतळा टोचत नाही त्यांना.

जुना वाचक
माझ्यावर निष्ठुरतेचा आरोप करण्याचे कारण नव्हते. तरीही आजोबांच्या हकिकतीला माझ्याजवळ उत्तर नाही, हे मान्य करतो.

धागालेखक
मीही एक मान्य करतो: अमेरिकेतल्या रिचमंडमध्ये, यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेकडून लढलेल्या जनरल लीचा १८९० सालचा पुतळा गव्हर्नरच्या आदेशाने, न्यायालयातील वाद निकाली निघाल्यावर, सप्टेंबर २०२१ मध्ये उतरवला गेला, ती रीत बंदराच्या रीतीपेक्षा चांगली. वेळ लागला, पण निर्णय कोणाचा आणि का, हे लेखी राहिले.

जुना वाचक
एवढे आधीच म्हटले असते, तर माझे दोन प्रतिसाद लिहायचे वाचले असते. कोल्स्टन आता संग्रहालयात आंदोलकांनी अंगावर फासलेल्या रंगासकट आडवा ठेवला आहे, त्याला माझी हरकत नाही. फलकाबाबत मात्र माघार घेत नाही, कारण संग्रहालयातही त्याच्याशेजारी मजकूर लावावाच लागतो आणि तोही लिहिणाऱ्याला न भिता लिहावा लागतो.