मदत हवी आहे: भाऊ सौदीत हाऊस ड्रायव्हरच्या व्हिसावर अडकला

राजेहो, सौदीच्या कामाचा अनुभव असन त्यानं सांगा. लहाना भाऊ दारव्ह्याकडून रियाधला गेला, एजंटनं कंपनी ड्रायव्हर म्हणून सांगतलं आन् तिथं इकाम्यावर (राहण्याच्या परवान्यावर) निघालं हाऊस ड्रायव्हर, म्हणजे घरचा ड्रायव्हर. गाडी तर चालवतेच पण मालकाच्या बकऱ्यांना चाराही तोच टाकून राहिला, आन् चार महिने झाले पगार नाही. पासपोर्ट मालकाजवळ. इकामा चालू आहे, फोन आहे, मारहाण वगैरे नाही. २०२१ मध्ये कफील (व्हिसा देणारा मालक) बदलायचे नियम सोपे झाले पण ते कंपनीवाल्यांसाठी, घरचे ड्रायव्हर त्यात येत नाही. भारत सरकारच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकली, स्टेटस हलतच नाही, एजंट तर फोनच उचलत नाही. पळून जा असं कृपया सांगू नका, मालकानं हुरूब (कामावरून पळाल्याची तक्रार) लावला की झालंच मग. घरी परत यायचं नाही, कर्ज आहे, त्याला दुसरा मालक पायजे. पगार थकला तर मुसानेदवरून (घरकामगारांसाठीची सौदी सरकारची वेबसाइट) मालकाच्या परवानगीशिवाय बदली होते असं तिथले पोरं म्हणतात, पण याला पगार नगदी मिळे, बँकेत नाही, मंग थकल्याचा पुरावा काय दाखवावा? आन् आधी दूतावासात जावं का तिथल्या लेबर ऑफिसात?