मामाच्या जॅझ रेकॉर्ड्सचं काय करू? आणि रंगभवनची जॅझ यात्रा कुणी पाहिलीय का?

ठाणेकरीण:
नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आमचा मामा रेल्वेत होता, अख्खा जन्म माटुंग्यात गेला, घरात सगळे नाट्यसंगीत आणि भीमसेनवाले आणि हा एकटाच जॅझवेडा. तो गेल्यावर मामीने तीन खोकी माझ्याकडे पाठवून दिली, तुझ्याकडे प्लेअर आहे ना मग तूच बघ म्हणे. एलपी भरपूर आहेत, ब्रुबेक, एलिंग्टन, माइल्स डेव्हिस, थोड्या ४५च्या, आणि तळाशी जुन्या जड ७८च्या (आकडे म्हणजे मिनिटाला किती फेरे), त्यातल्या काहींवर चिक चॉकलेट असं नाव आहे. माळ्यावर होत्या त्यामुळे बुरशी धरलीय, पांढरे ठिपके ठिपके दिसतात. एका कव्हरात जॅझ यात्रेचं, म्हणजे मुंबईतल्या त्या जॅझ महोत्सवाचं, अर्धं फाडलेलं तिकीट मिळालं, १९७८चं. जुन्या बाजारातला एक जण सगळं एकगठ्ठा मागतोय, देऊन टाकू का? आणि त्या यात्रेला इथलं कुणी गेलं होतं का, मामा फार बोलायचा त्याबद्दल पण आम्ही तेव्हा लहान होतो, काही कळायचं नाही.

तबकडीवाला_पुणे:
ताई एकगठ्ठा अजिबात देऊ नका. असं मागणाऱ्याने त्यातल्या दोनचार आधीच हेरलेल्या असतात आणि बाकीच्या फुकट घातल्यासारख्या दाखवतो.
आधी साफसफाई. ७८च्या बहुतेक लाखेच्या असतात, त्यांना स्पिरिट किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) चुकूनही लावू नका, लाख विरघळते आणि रेकॉर्ड गेलीच समजा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये लिक्विड सोपचा एखादा थेंब, मऊ कापड, खाचांच्या दिशेने गोल फिरवत पुसायचं, लेबल कोरडं ठेवायचं आणि लगेच वाळवायचं. एलपी व्हायनलच्या, त्यांना एवढी भीती नाही. ठेवताना उभ्या ठेवा, एकावर एक रचल्या तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात वाकतात.
आता एलपीत ब्लू नोट कंपनीच्या असतील तर गाणं संपतं तिथून लेबलपर्यंतची जी गुळगुळीत पट्टी असते ती उजेडात तिरकी धरून बघा. कानाच्या आकाराची छोटी खूण आणि व्हॅन गेल्डर (त्यांचा रेकॉर्डिंग इंजिनिअर) असा शिक्का दिसला तर ती १९६६च्या आसपासची किंवा त्याआधीची अमेरिकन छपाई, ती जपा. भारतात छापलेली असेल, दमदमच्या फॅक्टरीतली वगैरे, तर भाव कमी येतो पण वाजते मस्त. आणखी एक, मधल्या भोकाभोवती लेबलवर बारीक रेघा असतात, प्लेअरच्या खुंटीवर बसवताना उमटलेल्या. जितक्या जास्त तितकी ती रेकॉर्ड वाजलेली. तुमच्या मामांना कुठली आवडायची ते तिथेच कळेल.

म्हापसेकर:
वरच्या भाऊंचं सगळं बरोबर पण ब्लू नोट जगात कुठेही मिळते हो, पैसे टाकले की झालं. ह्या खोक्यातला खरा माल म्हणजे त्या ७८च्या. चिक चॉकलेट म्हणजे आमच्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, ट्रंपेट असा वाजवायचा की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. भगवानदादांचा १९५१चा अलबेला पाहिलाय ना, त्यात सी. रामचंद्रांना, म्हणजे चितळकरांना, साथ ह्याचीच, पडद्यावरसुद्धा आपला बँड घेऊन दिसतो. आपले चितळकर अण्णा आणि हळदोण्याचा ट्रंपेटवाला मिळून काय धमाल करून गेलेत, पण नाव घेताना लोक निम्मंच घेतात याचा मला भयंकर राग येतो. टेडी वेदरफोर्ड नाव कुठे दिसतंय का बघा, अमेरिकन पियानोवाला, ताजमध्ये वाजवायचा, पुढे कलकत्त्याला गेला, तिथे रेकॉर्ड्स केल्या आणि १९४५ला तिथेच वारला. ४५च्यांत क्रिस पेरी-लोर्ना ह्या गोव्याच्या संगीतकार-गायिका जोडीच्या कोंकणी गाण्यांच्या असतील तर त्या विकायच्या आधी मला सांगा 😀

गिरगावातला_म्हातारा:
मी गेलो होतो १९७८ला. रंगभवन म्हणजे धोबीतलावला झेवियर्सच्या बाजूला, वर आभाळ उघडं, फेब्रुवारीची बरी हवा आणि समोर अमेरिकन सॅक्सोफोनवाला सनी रोलिन्स. निरंजन झवेरींनी ही यात्रा सुरू केली, त्या माणसाचे उपकार आहेत मुंबईवर. आम्ही दोघं मित्र बँकेतून थेट गेलेलो, हातात डब्याच्या पिशव्या, आजूबाजूला वांद्र्याची कॅथलिक मंडळी, पारशी म्हातारे आणि दाढीवाले कॉलेजकुमार. रोलिन्स एका जागी उभाच राहीना, सॅक्स घेऊन स्टेजभर फिरत होता, माईकपासून लांब गेला तरी मागच्या रांगेत सूर खणखणीत. एकच छोटासा तुकडा घ्यायचा आणि तो उलटसुलट करत बसायचा, आपल्याकडे बुवा एखादी जागा धरून बसतात ना तसा, त्यामुळे आम्हा नवख्यांनाही लगेच पकडता आलं. त्याचं कारण बहुतेक हेही असेल की तो आधी इथे राहून गेलेला, साठच्या दशकात पवईच्या आश्रमात योगाभ्यासाला आला होता. एलिंग्टन १९६३ला आणि आर्मस्ट्राँग १९६४ला मुंबईत आले तेव्हा मी शाळेत, खिशात तिकिटाचे पैसे नाहीत, त्यामुळे ते फक्त पेपरात.
चर्चगेटला अॅस्टोरिया हॉटेलात व्हेनिस नावाचं जॅझ वाजणारं रेस्टॉरंट होतं, तिथे मात्र जायचो, एक कॉफी मागवून तासन् तास बसायचो, वेटर वैतागायचा. पुढे सायलेन्स झोनचे नियम आले, आजूबाजूला हॉस्पिटलं आणि कॉलेज, रंगभवनचे कार्यक्रम बंद पडले. नियम चुकीचा म्हणत नाही, पेशंटला झोप हवीच, पण एवढ्या शहराला दुसरं तसं उघडं नाट्यगृह बांधता येऊ नये?
ताई, ते तिकीट मात्र कुणाला देऊ नका.

ठाणेकरीण:
सगळ्यांचे खूप आभार, काका तुमचं तर मामीला फोनवर वाचून दाखवलं, ती म्हणाली मामाच्या हातातही डबा असायचा. त्या माणसाला नाही म्हणून कळवलं. म्हापसेकर, लोर्नाच्या आहेत, पण मामी म्हणते त्या तिला हव्यात, सॉरी 😀 रेघांवरून बघितलं तर सगळ्यात जास्त वाजलेली ब्रुबेकची टाइम आउट. आता शंका, चिक चॉकलेटच्या ७८च्या माझ्या साध्या प्लेअरवर लावल्या तर चालतील का?

तबकडीवाला_पुणे:
थांबा, लावू नका! आधी प्लेअरला ७८ स्पीड आहे का बघा, हल्लीच्या बऱ्याच मॉडेलला ३३ आणि ४५च असतो. स्पीड असला तरी सुई वेगळी लागते, ७८ची खाच रुंद, तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई, एलपीची त्याच्या तिसरा हिस्सा. एलपीची सुई त्यात तळाला घासत जाते, आवाज खरखरीत येतो आणि सुईचंही वाटोळं. कार्ट्रिजचा (सुई बसते त्या भागाचा) फोटो टाका, त्याला ७८ची सुई मिळते का ते बघून सांगतो.