मदत हवी आहे : वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलांसाठी टिकाऊ खाऊ

नमस्कार मंडळी, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडं वीटभट्टीवर जातात, आणि इथं अंगणवाडीतल्या गरम आहारानं जरा बाळसं धरलेली पोरं तिकडं नुसत्या भात-मिठावर राहून परत सुकतात. दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेला की मूल तीव्र कुपोषित, दंड मोजायची पट्टी लाल दाखवते तेव्हा खरंच पोटात तुटतं हो.

आम्ही काहीजणी बायकांना सोबत द्यायला कोरडं पीठ करतोय, नाचणीला मोड आणून वाळवून भाजायची (मोडामुळे लोह अंगी लागायला मदत होते), त्यात भाजलेलं डाळं, शेंगदाण्याचं कूट, गूळ. नाचणी तर त्यांच्याच शेतातली आहे, विकतचं पाकीट कशाला? पण कूट घातलं की पीठ लवकर खवट होतं आणि भट्टीवर पत्र्याच्या झोपडीत ऊन मरणाचं. कूट वेगळं बांधून द्यावं का? शेवग्याच्या पाल्याची पूड घातली तर पोरं खातात का, कडवट लागते ना?

आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीत या मुलांची नोंद कुणी करून घेतलीय का? नेमकं कुणाला भेटायचं, काय कागद लागतात, प्लीज सांगा. दिवाळी जवळ आलीय.